गरुडाच्या छातीवर काय आहे ते आधी बघा

प्रश्न असा आहे: घरातल्या एका जुन्या अल्बममध्ये गरुड, सिंह, मुकुट, किल्ल्या अशी चिन्हं असलेली बरीच टपाल तिकिटं आहेत. अनेकांवर देशाचं नाव नाही, काहींवरची लिपी वाचता येत नाही. ती ओळखायची कशी? आणि फक्त राजचिन्हांच्या तिकिटांचा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण त्याकडे नंतर येतो. आधी ओळख. नवशिके तिकीट हातात आलं की कॅटलॉग उघडतात आणि पानं उलटत बसतात. राजचिन्हांच्या तिकिटांत तसं करू नका. चिन्हातला प्रत्येक भाग ठरलेला असतो. कोणता प्राणी, त्याच्या पंजात काय, छातीवर कोणती ढाल, डोक्यावर कोणता मुकुट, हे चित्रकाराच्या लहरीवर सोडलेलं नसतं. एवढं भिंगातून नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कॅटलॉग फक्त खात्री करायला लागतो.

देशाचं नाव का नसतं? १८४० मध्ये ब्रिटनने पहिलं तिकीट काढलं तेव्हा राणीचा चेहरा हीच देशाची ओळख मानली आणि नाव छापलंच नाही. युरोपातल्या अनेक टपालखात्यांनी चेहऱ्याऐवजी चिन्ह घेतलं, पण नाव न छापण्याची रीत तशीच उचलली. जिनिव्हाचं १८४३ चं तिकीट हे कुलचिन्ह वापरणारं सर्वांत आधीचं: अर्धा गरुड आणि किल्ली. स्वित्झर्लंडच्या प्रांतांकडे छापायला राजाच नव्हता, मुक्त शहरांची, म्हणजे राजाविना स्वतःचा कारभार चालवणाऱ्या जर्मन शहरांची, तीच गत. ज्यांच्याकडे राजा होता त्यांनाही चेहऱ्यावर शिक्का मारायचा संकोच वाटे. सिसिलीत १८५९ मध्ये राजाचं चित्र असलेलं तिकीट आलं, तेव्हा चेहऱ्यावर शाई पडू नये म्हणून घोड्याच्या नालासारखा, मधून मोकळा असा खास रद्द-शिक्का करावा लागला. गरुडावर शिक्का पडला तर कुणाचं काही बिघडत नाही.

आता तुमचे गरुड. दोन डोक्यांचा गरुड दिसला की लोक लगेच रशिया म्हणतात. घाई करू नका, छातीवरची ढाल बघा. घोडेस्वार अजगराला भाल्याने मारतोय अशी ढाल असेल तर रशिया. तो घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज. छातीवर क्रॉस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार कंसासारख्या आकृत्या असतील तर सर्बिया. ऑस्ट्रियाच्या १८५० च्या पहिल्या मालिकेत गरुडासोबत वर ‘के के पोस्ट-स्टेंपेल’ अशी रोमन अक्षरं आहेत, देशाचं नाव नाही. त्याच वर्षी त्याच चित्राची दुसरी मालिका ऑस्ट्रियाच्याच ताब्यातल्या उत्तर इटलीतल्या लोंबार्दी-व्हेनेशियासाठी निघाली. दोन्हींत फरक फक्त मूल्याचा: एकीवर क्रॉइत्सर, दुसरीवर ‘सेंतेस’. दोन्ही तिकिटं एकाच पानावर ‘ऑस्ट्रिया’ म्हणून चिकटवलेली असतात, हे जुन्या अल्बममध्ये नेहमीचंच. ल्युबेक या मुक्त शहराचाही गरुड दोन डोक्यांचाच, पण त्यावर शहराचं नाव असतं, त्यामुळे अडचण येत नाही. आणि गरुड आहे, कोपऱ्यांत आकडे आहेत, पण कुठलंही अक्षर नाही, असं तिकीट असेल तर ते बहुधा बोस्निया-हर्झगोव्हिनाचं, १८७९ पासूनचं. तिथे शासन ऑस्ट्रियाच्या लष्कराचं होतं, म्हणून गरुडही त्यांचाच.

एका डोक्याचा, उठावदार छापाचा गरुड हे बहुधा जर्मन साम्राज्याचं १८७२ चं तिकीट. इथे छातीवरच्या ढालीवरच किंमत ठरते. वर्षाच्या सुरुवातीला निघालेल्या तिकिटांत ढाल लहान आहे आणि त्याच वर्षी पुढे निघालेल्यांत मोठी. संग्राहक त्यांना ‘लहान ढाल’ आणि ‘मोठी ढाल’ असंच म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक चटकन कळतो. एकटं तिकीट हातात असलं की अनुभवी माणूसही क्षणभर थांबतो. म्हणून खात्रीचं एक स्वस्त तिकीट तुलनेसाठी कायम जवळ ठेवावं.

किल्ल्यांचं सोपं आहे. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन किल्ल्या आणि वर तीन थरांचा उंच मुकुट म्हणजे पोपची राज्यं, १८५२ पासून. त्यावरही राज्याचं नाव नाही, नुसतं ‘टपाल तिकीट’ अशा अर्थाचं इटालियन लिहिलेलं. एकच किल्ली असेल तर ब्रेमेन. किल्लीला अर्धा गरुड चिकटलेला असेल तर जिनिव्हा, आणि तसं झालं तर पुढचं काही वाचण्याआधी ते तिकीट सुरक्षित जागी ठेवा.

सिंहांची मात्र गर्दी आहे. नॉर्वेचा सिंह पंजात कुऱ्हाड धरतो. त्याचं १८५५ चं पहिलं चार स्किलिंगचं तिकीटही देशाच्या नावाविना. फिनलंडचा सिंह तलवार उगारून उभा असतो आणि पायाखाली वाकडी तलवार तुडवतो. नेदरलंड्सच्या सिंहाच्या एका पंजात तलवार, दुसऱ्यात बाणांची जुडी. बोहेमियाच्या सिंहाला दोन शेपट्या. चेकोस्लोव्हाकियाच्या तिकिटांवर तोच. इराणचा सिंह पाठीवर सूर्य घेऊन असतो. पाराग्वेच्या सिंहाशेजारी काठीवर टोपी टांगलेली दिसते, ती स्वातंत्र्याची खूण. एस्टोनियाचे सिंह तीन, एकाखाली एक. इटलीतल्या तोस्कानाचा सिंह उभा नाही, बसलेला आहे आणि त्याचा पंजा फ्लॉरेन्सच्या लिलीच्या ढालीवर आहे. बैलाचं डोकं, त्यावर तारा आणि खाली टपालाचा कर्णा दिसला तर तो मोल्डाव्हियाचा, १८५८ चा. पण अल्बममध्ये अस्सल सापडण्याची आशा धरू नका. या तिकिटाच्या नकला इतक्या झाल्या आहेत की खरं तिकीट पाहिलेले संग्राहक मोजकेच.

एक गंमत सांगायलाच हवी. ऑस्ट्रियाच्या प्रजासत्ताकाच्या गरुडाच्या पंजांत विळा आणि हातोडा आहे. अनेक अल्बममध्ये ही तिकिटं साम्यवादी देशांच्या पानांवर गेलेली दिसतात. विळा शेतकऱ्यांसाठी, हातोडा कामगारांसाठी आणि डोक्यावरचा बुरुजांचा मुकुट नागरिकांसाठी, असं ते १९१९ चं चिन्ह आहे. १९४५ नंतर त्याच गरुडाच्या पायांत तुटलेल्या साखळ्या आल्या. साखळी असेल तर तिकीट दुसऱ्या महायुद्धानंतरचं, नसेल तर आधीचं. तारीख वाचायची गरजच नाही.

अशीच मोजणी इतर ठिकाणी कामी येते. बोलिव्हियाच्या १८६८ च्या मालिकेत चिन्हाखाली ९ तारे आहेत, १८७१ च्या मालिकेत ११. तारे म्हणजे देशाचे प्रशासकीय विभाग. चित्र, रंग, मूल्यं जवळजवळ सारखीच, त्यामुळे तारे मोजल्याशिवाय मालिका ठरत नाही. पुढच्या मालिकांत हा आकडा परत मागेपुढे होतो, म्हणून नुसत्या ताऱ्यांवर न थांबता कडांचं छिद्रणही, म्हणजे दात किती दाट आहेत तेही, बघावं लागतं. सोव्हिएत चिन्हात गव्हाच्या ओंब्यांभोवती गुंडाळलेल्या लाल फितीचे वेढे मोजा. १९३६ च्या राज्यघटनेनंतर ते ११ झाले, १९४६ मध्ये १६, आणि १९५६ मध्ये करेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियात विलीन झाल्यावर १५. तिकिटावर चिन्ह पुरेसं मोठं असेल तर हा उपाय सहसा फसत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे एकरंगी तिकिटं बोलायला लागतात ती. एकोणिसाव्या शतकातलं तिकीट बहुधा एकाच शाईत छापलेलं असे. मग ढाल लाल की निळी हे कसं दाखवायचं? त्यासाठी रेघांची ठरलेली पद्धत आहे. १६३८ मध्ये सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइट पाद्र्याने मांडल्यापासून ती रूढ झाली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, उभ्या-आडव्या मिळून जाळी म्हणजे काळा. बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा हिरव्यासाठी, उलट्या दिशेच्या जांभळ्यासाठी. ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी. तिकीट स्वतः हिरव्या शाईतलं असलं तरी ढालीत उभ्या रेघा असतील तर ती ढाल लालच. सव्हॉय या पुढे इटलीचं राजघराणं झालेल्या घराण्याचं चिन्ह, म्हणजे लाल ढालीवर पांढरा क्रॉस, जुन्या एकरंगी छापांत याच रेघांवरून ओळखू येतं.

पण या पद्धतीवर आंधळा विश्वास नको. तिकिटांची चित्रं कोरणाऱ्या सगळ्यांनीच ती पाळली नाही. काहींनी नुसत्या छटेसाठी आडव्या रेघा मारल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातून निळा रंग शोधला. माझा नियम असा: ढालीच्या आतल्या रेघा आणि ढालीबाहेरच्या पार्श्वभूमीच्या रेघा एकाच दिशेच्या, एकाच जाडीच्या असतील तर त्यांना रंग समजू नका. आतल्या रेघा वेगळ्या असतील, आणि शेजारच्या चौकटीत त्या पुन्हा बदलत असतील, तरच त्या बोलताहेत. आणखी एक पडताळा आहे. कुलचिन्हांत सोनं-चांदीवर सोनं-चांदी आणि रंगावर रंग सहसा ठेवत नाहीत. तुमच्या वाचनातून लाल ढालीवर निळा सिंह निघाला तर बहुधा वाचनच चुकलंय.

उजवं-डावंही सांगून ठेवतो, कारण इंग्रजी किंवा फ्रेंच वर्णन वाचताना हमखास घोटाळा होतो. चिन्हाच्या वर्णनात उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणजे आपली डावी. प्राण्यांचं तोंड साधारणपणे त्याच बाजूला असतं.

स्वित्झर्लंडच्या १८५० च्या तिकिटांबद्दल अनेकदा विचारलं जातं, तेव्हा तेही. लाल ढाल, पांढरा क्रॉस, वर कर्णा, आणि ‘रेयॉन’ (म्हणजे टपालाचा विभाग) किंवा स्थानिक टपाल अशी अक्षरं. क्रॉसच्या कडेने बारीक काळी रेघ आहे की नाही, हे भिंगातून तपासा. कुठल्या प्रकारात रेघ असणं दुर्मीळ आणि कुठल्या प्रकारात नसणं दुर्मीळ हे तिकिटागणिक बदलतं. त्यामुळे नंतर कुणीतरी रेघ काढलेली किंवा खरवडून पुसलेली तिकिटंही फिरतात. अशा तिकिटाला तज्ज्ञांचं प्रमाणपत्र नसेल तर मी ते साध्या प्रकाराच्या भावानेच धरतो.

बनावट तिकिटांचा धोका या विषयात मोठा आहे, पण चिन्हच मदतही करतं. हँबर्गच्या स्पिरो बंधूंनी एकोणिसाव्या शतकात लिथोग्राफीवर, म्हणजे दगडावरून होणाऱ्या सपाट छपाईने, ढिगाने नकला छापल्या, पुढे जिनिव्हाच्या फ्रांस्वा फुर्निएने तोच धंदा केला. नक्कल करणाऱ्याला चौकट आणि अक्षरं जमतात. पिसं, पंज्यांची नखं, ढालीतल्या चौकटीतली लहान चिन्हं इथे तो हात आखडतो. अस्सल तिकिटात गरुडाच्या पंखातलं प्रत्येक पीस वेगळं सुटतं, नकलेत दोन-तीन पिसं मिळून एक डाग होतो. उठावदार छापाची तिकिटं सपाट लिथोग्राफीत आढळली तर निकाल तिथेच लागला. पोपच्या राज्यांच्या १८६८ च्या तिकिटांची पुनर्मुद्रणं इतकी आहेत की त्यांची कोरी, चकचकीत तिकिटं मी सुरुवातीला पुनर्मुद्रण समजूनच हातात घेतो.

उठावावरून एक सूचना. रशियाची सुरुवातीची कोपेकची तिकिटं, १८७२ चे जर्मन गरुड, बव्हेरियाची १८६७ पासूनची ढाल यांच्यात चिन्ह कागदातून वर उचललेलं असतं. ती पाण्यात भिजवून मग जाड पुस्तकाखाली दाबली की उठाव बसतो आणि किंमतही बसते. भिजवणं अगदी गरजेचं असेल तर टिपकागदावर उताणी ठेवून तशीच वाळू द्या. तपासताना दिवा समोरून नको, एका कडेने धरा. तिरप्या उजेडात ढालीचे कंगोरे उठून दिसतात. फिनलंडची १८६० ची सिंहाची तिकिटं असतील तर त्यांच्या कडांना हातही लावू नका. त्यांचं छिद्रण नागमोडी आणि खोल दातांचं आहे. सगळे दात शाबूत असलेलं तिकीट क्वचित मिळतं.

आता संग्रह करावा का, आणि कसा. ‘जगातली सगळी राजचिन्हं’ हा विषय मी कुणालाही सुचवत नाही. फ्रान्सने १९४० च्या दशकापासून प्रांतांच्या आणि शहरांच्या चिन्हांच्या मालिका काढल्या. त्यातली अनेक चित्रं रॉबेर लुई या चिन्हतज्ज्ञाची आहेत आणि दिसायला फारच देखणी. स्पेनने १९६२ ते १९६६ मध्ये प्रांतांची चिन्हं काढली, जर्मनीने १९९२ ते १९९४ मध्ये आपल्या राज्यांची, स्वित्झर्लंडच्या मुलांसाठीच्या निधीच्या तिकिटांवर १९१८ पासून वर्षानुवर्षं प्रांतांच्या ढाली येत होत्या. ब्रिटनने १९८४ मध्ये कॉलेज ऑफ आर्म्स या कुलचिन्हांचं काम बघणाऱ्या संस्थेच्या ५०० वर्षांची मालिका काढली. सगळं सहज आणि स्वस्तात मिळतं. रंग शिकायला, हात बसायला उत्तम. पण ते पानांवर लावून झालं की सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

सांगण्यासारखं असतं ते चिन्ह बदलतं तिथे. इटलीचं उदाहरण घ्या. नेपल्सची १८५८ ची तिकिटं बूर्बाँ राजांची: नेपल्सचा घोडा, सिसिलीची तीन पायांची आकृती आणि बूर्बाँच्या लिली. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी आला. नव्या सरकारने वृत्तपत्रांचा टपालदर कमी केला आणि घाईत जुन्या अर्ध्या ग्रानोच्या प्लेटवरच काम उरकलं: मूल्याचं अक्षर बदलून ‘टोर्नेसे’चं केलं, शाई गुलाबीची निळी केली. चिन्ह मात्र पळून गेलेल्या राजाचंच राहिलं. नोव्हेंबरमध्ये निघालेल्या या तिकिटाला संग्राहक ‘ट्रिनाक्रिया’ म्हणतात. ती चूक टोचत होती. मग त्याच प्लेटवरचं चिन्ह खरवडून त्या जागी सव्हॉयचा क्रॉस हाताने कोरला गेला, प्रत्येक तिकिटासाठी वेगळा, आणि डिसेंबरमध्ये तिकिटं पुन्हा निघाली. काही तिकिटांत क्रॉसच्या मागे जुन्या चिन्हाचे अवशेष दिसतात. ही दोन्ही तिकिटं महाग आहेत, पण हाच बदल स्वस्तातही दाखवता येतो: मोदेनात एस्ते घराण्याचा गरुड जाऊन १८५९ च्या हंगामी सरकारच्या तिकिटावर सव्हॉयची ढाल आली, तोस्कानात बसलेला सिंह जाऊन १८६० मध्ये तीच ढाल आली. तीन राज्यांची तीन चिन्हं आणि शेवटी एकच क्रॉस, हे सगळं एका पानावर मावतं.

युक्रेनचं १९१८ हे तसंच दुसरं पान. रशियन साम्राज्याच्या शिल्लक तिकिटांवर, थेट दुतोंडी गरुडावर, त्रिशूळ छापला गेला. कीव्ह, ओडेसा, खार्किव्ह अशा वेगवेगळ्या ठिकाणचे ठसे वेगळे. इथेही नकला भरपूर, म्हणून सुरुवातीला साधे, जास्त संख्येने छापलेले प्रकारच घ्या. १९९२ मध्ये सोव्हिएत तिकिटांवर पुन्हा त्रिशूळ उमटला, तोही जोडीला लावता येतो. पोलंडमध्ये मुकुटच पुरेसा आहे. १८६० च्या पहिल्या तिकिटावर रशियन राजवटीचा दुतोंडी गरुड, स्वातंत्र्यानंतर मुकुट घातलेला पोलिश गरुड, साम्यवादी काळात तोच गरुड मुकुटाविना, आणि १९९० मध्ये मुकुट परत. हंगेरीच्या चिन्हावरचा सेंट स्टीफनचा मुकुटही असाच जातो आणि १९९० मध्ये परत येतो. त्याच्या माथ्यावरचा क्रॉस वाकडा असतो. तो छपाईचा दोष समजू नका, मुकुट खरोखरच तसा आहे.

युरोपाबाहेरची चिन्हं या संग्रहात घ्यावीत का, यावर संग्राहकांत वाद आहेत. जपानच्या सोळा पाकळ्यांच्या शेवंतीला मी नि:संकोच घेतो. तिथल्या घराण्यांच्या चिन्हांना स्वतःचे नियम आणि वारसा आहे, आणि सम्राटाचा चेहरा तिकिटावर छापायचा नाही म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बदलांपर्यंत शेवंतीच त्याच्या जागी राहिली. ऑटोमन तिकिटांवरचा १८६३ चा तुघरा ही सुलतानाची अक्षरांत गुंफलेली मुद्रा आहे, ढाल नव्हे, पण काम तेच करते. नेपाळच्या १८८१ च्या तिकिटांवरचा श्रीपेच (राजमुकुट) आणि दोन खुकऱ्या मी घेतो. १८५२ च्या सिंध डाक तिकिटावर ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह आहे, म्हणजे मालाच्या गाठींवर मारायची खूण. ते कुलचिन्हांचं चुलत भावंडच. सारनाथचा सिंहस्तंभ १५ डिसेंबर १९४७ च्या दीड आण्याच्या तिकिटावर आला आणि पुढे भारताच्या सरकारी कामाच्या ‘सर्व्हिस’ तिकिटांवर राहिला. ते राजचिन्ह आहे, पण त्याला ढाल नाही, घराणं नाही. स्पर्धात्मक प्रदर्शनात ठेवणार असाल तर तो का घेतला हे सुरुवातीच्या आराखड्याच्या पानावर एका ओळीत लिहा. परीक्षक घेण्या-न घेण्यापेक्षा कारण न देण्यावर जास्त बोट ठेवतात.

तुमच्या अल्बमसाठी तूर्त एवढंच करा. तिकिटं काढू नका. तिकीट पानाला चिकटवणाऱ्या जुन्या कागदी बिजागऱ्या (कागदाचे छोटे तुकडे) ओढल्या की तिकिटाचा कागद पातळ होतो. प्रत्येक पानावर आधी प्राणी, मग छाती, मग मुकुट असं बघत जा आणि पेन्सिलने पानाच्या कडेला देश लिहा. बोस्नियाचे जे गरुड आधीच सुटे असतील ते वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यांत लिथोग्राफीचे छाप कोणते, नंतरचे टायपोग्राफीचे (उठलेल्या ठशावरून छापलेले) कोणते आणि छिद्रण किती, हे ठरवायला मापपट्टी आणि सवड दोन्ही लागतात. त्या पाकिटाला सगळ्यांत शेवटी हात घाला.